भिंतीला पाणी जायला भोकं ठेवा



२७ सप्टेंबर २०२४. उज्जैनला महाकाल मंदिराच्या चार नंबर गेटजवळ मुसळधार पावसात भिंत कोसळली, दोघं गेले. त्याआधी २ जुलै २०१९ ला मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत झोपड्यांवर आली, पंचवीसच्या वर माणसं गेली. यंदा महाकालाच्या दर्शनाला गेलो, तेव्हा त्या गेटजवळ उभं राहून मला माझ्या घरामागची भिंत आठवली.

आपली घरं उतारावर. वर डोंगर, खाली खाडी. अंगण सपाट करायला भराव टाकतो आणि तो धरायला चिऱ्याची भिंत बांधतो. माझीही तशीच होती. सिमेंट चांगलं, चिरा चांगला, पण पाणी जायला एक भोक नव्हतं. दुसऱ्याच पावसाळ्यात पोट काढून आडवी झाली. नशीब, तेव्हा परड्यात कोणी नव्हतं.

गवंडी म्हणतो, "सिमेंट जास्त घाला." माझं म्हणणं, पैसा आधी पाण्याच्या वाटेवर घाला. दोन मीटर भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं, तर दर मीटर लांबीला सुमारे दोन टन रेटा नुसत्या पाण्याचा. मातीचा रेटा वेगळा. बोटीच्या डेकवर आलेलं पाणी जायला आपण कठड्याला भोकं ठेवतो ना? मग घराच्या भिंतीलाच का विसरतो?

एवढं तरी करा:

• पाया भरावावर नको, घट्ट जमिनीत.
• भिंतीमागे फूटभर जाडीची खडी. नुसती माती भरू नका.
• तळाशी दर चार-पाच फुटांवर तीन-चार इंची पाइप, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. आतल्या तोंडाला जाळी, म्हणजे माती येऊन तुंबणार नाही.
• सुक्या दगडाचा गडगा असेल तर तळाची रुंदी उंचीच्या निम्मी तरी हवी, आणि कल डोंगराकडे.
• पागोळ्यांचं आणि न्हाणीचं पाणी भरावात सोडू नका, गटार काढून बाजूने न्या.
• उंची चार फुटांच्या वर जात असेल तर इंजिनिअरला दाखवा. जागा असेल तर एका उंच भिंतीऐवजी मध्ये ऐसपैस अंतर सोडून दोन बुटक्या बांधा. उज्जैनचा रामघाट बघा, पायरी-पायरीने क्षिप्रेत उतरतो.

खर्च वाढतो, मान्य. पण इंजिनच्या कामाला आपण हात आखडता घेत नाही, कारण तिथे जीव असतो. इथेही आहे, आणि खालच्या घरातल्या शेजाऱ्याचाही आहे. १ जूनला बंदी लागली की बोटी वर आणि आपण सगळे घरात. समुद्रापासून लांब आहोत म्हणून निर्धास्त झोपतो, नेमका तेव्हाच डोंगर पाणी पितो.

माझं मत असं, की बंदीआधी जाळी-दोर तपासतो तशी प्रत्येकाने घरामागची भिंतही तपासावी. चीर गेलीय का, पोट आलंय का, भोकं तुंबलीत का. एकट्याला जमत नसेल तर वाडीने मिळून करावं, संस्थेच्या बैठकीत मी हा विषय घेणारच आहे.

तुमच्या भिंतीला भोकं आहेत का? आजच मागच्या दारी जाऊन बघा.

— आपला सचिव