‘एफएम’ लिहिलेला नॉब

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे वर्षातून दोनदा येणारा एक पेपर, बस्स. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण हे भांडण मला मराठीतच भांडायचं होतं.

आपल्या मायक्रोवेव्ह लॅबमधला क्लिस्ट्रॉनचा बेंच सगळ्यांना माहीत आहे. क्लिस्ट्रॉन, आयसोलेटर, अॅटेन्युएटर, फ्रिक्वेन्सी मीटर, डिटेक्टर. पंखा आधी, रिपेलरचं निगेटिव्ह व्होल्टेज त्यानंतर, बीम सगळ्यात शेवटी. हे मामांनी आपल्याला पाठ करून घेतलंय. मग रिपेलर दोन-दोन व्होल्टनं सरकवायचा आणि प्रत्येक वेळी मीटर वाचून आकडा लिहायचा. चाळीस-पन्नास रीडिंग्ज. एका बेंचवर आठ जण. दोन तासांत होतं का? नाही होत. मग काय करतो आपण? सीनियर्सची जर्नल्स! माझ्या बॅचमध्ये सोळा जणांचा मोड कर्व्ह हुबेहूब एक आला. मधल्या एका रीडिंगला कुणीतरी कधीकाळी चूक केली होती, ती चूकसुद्धा सोळाही ग्राफवर त्याच जागी! त्या सोळांत मीही आहे, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

आता गंमत बघा. त्याच पॉवर सप्लायवर मॉड्युलेशनचा एक स्विच आहे. एका बाजूला ‘एएम’, दुसऱ्या बाजूला ‘एफएम’. आपण जन्मभर ‘एएम’वर. ‘एफएम’ला टाकलं की रिपेलरच्या व्होल्टेजवर करवतीच्या दातांसारखी वेव्ह बसते. म्हणजे जे काम आपण हातानं पाऊण तास करतो, ते सप्लाय स्वतः सेकंदात कित्येकदा करतो. डिटेक्टर सीआरओला लावा, ट्रिगर नीट बसवा, मोडचे उंचवटे थेट स्क्रीनवर दिसतात. फ्रिक्वेन्सी मीटर फिरवला की त्या उंचवट्यात एक खळगा पडतो आणि नॉबबरोबर सरकत जातो. मी पहिल्यांदा तो खळगा बघितला तेव्हा ओरडलेच. मामा म्हणाले, “ताई, हळू. सर येतील.”

हाच तो स्वीप. मोठ्या सिग्नल जनरेटरमध्ये हेच असतं, फक्त शहाणपणानं केलेलं. समजा स्टार्ट ८ गिगाहर्ट्झ आणि स्टॉप १२. आत ० ते १० व्होल्टचा एक रॅम्प चढतो. ० ला ८, १० ला १२, म्हणजे ५ व्होल्टला बरोब्बर १०. हा रॅम्प यिग ऑसिलेटरच्या कॉइलमधला करंट ठरवतो. यिग म्हणजे मोहरीहून लहान अशी गार्नेटची गोळी. मॅग्नेटिक फील्ड एक गाउस वाढलं की फ्रिक्वेन्सी २.८ मेगाहर्ट्झनं वाढते. १० गिगाहर्ट्झला साधारण ३,५७० गाउस लागतात. लोखंडाच्या कोअरला हिस्टेरिसिस असतो, म्हणून मोजणी एकाच दिशेनं, खालून वर, आणि परतीच्या वाटेवर आउटपुट बंद. वाटेत पॉवर कमी-जास्त होऊ नये म्हणून थोडा सिग्नल कपलरनं काढून परत फीडबॅकला. आणि घाई चालत नाही! फिल्टर अरुंद असेल आणि स्वीप जोरात मारला तर फिल्टर भरायच्या आत फ्रिक्वेन्सी पुढे गेलेली असते. शिखर बुटकं दिसतं आणि पुढच्या बाजूला सरकतं. फिल्टर निम्म्या रुंदीचा घेतला की तेवढाच पट्टा मोजायला चौपट वेळ. हे एक वाक्य मला कुठल्याही जर्नलमधून कॉपी करता आलं नसतं.

“पण हे कुठे उपयोगी पडणार?” असं आमच्यातला एक हुशार मुलगा म्हणाला. अरे, नगरमध्येच! व्हीआरडीईत गाड्यांची इएमआय-इएमसी चाचणी होते. अशा चाचणीत उपकरणावर रेडिओ लहरी सोडून ते गडबडतंय का ते बघतात. तिथे जनरेटर सलग धावत नाही, पायऱ्यांनी चढतो. आयईसीच्या एका स्टँडर्डप्रमाणे पायरी आधीच्या फ्रिक्वेन्सीच्या १ टक्क्याहून मोठी नको, आणि प्रत्येक पायरीवर किमान अर्धा सेकंद थांबायचं. ८० ते १००० मेगाहर्ट्झमध्ये २५४ पायऱ्या होतात, मी कॅल्क्युलेटरवर काढल्या. समोरचं उपकरण प्रतिसाद द्यायला तीन सेकंद घेत असेल तर एका फेरीला जवळजवळ तेरा मिनिटं. किती थांबायचं हे ज्याला कळत नाही, तो फॉल्टी माल पास करून मोकळा होईल.

आणि आपण? २८ फेब्रुवारीला बस भरून खोडदला जातो, जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या डिशसमोर फोटो काढतो, आणि परत येऊन सीनियरची जर्नल उघडतो.

सर म्हणतात, आधी हातानं रीडिंग घ्या, त्याशिवाय कळत नाही. त्यांचं अगदीच चूक नाही. रिपेलर हातानं हलवताना पॉवर कुठे मरते ते बोटांना समजतं, स्क्रीनवर ते समजत नाही. पण मग दहाच रीडिंग्ज घ्या ना! दहा स्वतःची, आणि मग स्वीप लावून बघा की ते दहा ठिपके त्या कर्व्हवर बसतात का. बसले नाहीत तर का नाही, ते ओरलला विचारा. पन्नास चोरलेल्यांपेक्षा हे बरं नाही का? यासाठी नवीन काही विकत घ्यायला लागत नाही. लाखांचं कोटेशन नको, प्रिन्सिपल सरांची सही नको.

सीआरओ कम्युनिकेशन लॅबमध्ये मोकळा पडलेला असतो. मामा शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवायला तयार आहेत, मी विचारलंय. बीएनसी केबल मात्र आपापली आणा, तिथल्या दोन्ही तुटल्यात.