पक्ष्याचा डोळा पुरे झाला

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले आणि मराठी लेखण्यांना नेहमीप्रमाणे अर्जुन आठवला. आमचे म्हणणे असे, की ही उपमा नुसती शिळी नाही, चुकीची आहे. ज्याला फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो, त्याचा नेम इथे हुकेल. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, आडवा वारा गोळीला सहज त्याबाहेर नेतो. म्हणून नेमबाज वाऱ्याची निशाणे पाहतो, साइटचे क्लिक फिरवतो. नजर सरळ जाते. गोळी मात्र नळी सोडताच खाली ओढली जाते. तेव्हा नळी किंचित वर रोखून या दोहोंची गाठ ठरावीक अंतरावर घालून द्यावी लागते. यालाच 'झिरो करणे' म्हणतात. अंतर बदलले की हिशेब बदलला. शंभर मीटरला झिरो केलेली शिकारी रायफल तीनशेवर तसाच नेम धरल्यास खाली मारते.

याच तालुक्यातले दाजीपूरचे रान संस्थानकाळी शिकारीचे होते. १९५८ साली ते अभयारण्य झाले. शिकारी गेले, शिकारकथा उरल्या. त्यांत थरार भरपूर, पण हे गणित फारसे उतरले नाही. (भाषेला ते पेलले नसते, हे आम्हांस मान्य नाही.) आणि समीक्षेत तरी काय? 'लेखकाने वास्तवाचा अचूक वेध घेतला' असे सर्रास लिहिले जाते. तो किती अंतरावरून घेतला, एवढे मात्र कोणी सांगत नाही.