नाण्यावरच्या अक्षरांतले अंतर



मागच्या महिन्यात दीपनगर वसाहतीतले आमचे एक शेजारी बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन घरी आले. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख गृहस्थ. डब्यात पाच, दहा, पंचवीस पैसे, आणि कागदाच्या पुडीत बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे 1990 सालचे दोन रुपये.

"भाऊ, यातल्या एकावरची अक्षरे लांब-लांब आहेत बघा. मोबाइलवर एक जण त्याचे चार लाख देतो म्हणतो."

नोंदणी म्हणून 1,850 रुपये ते पाठवून बसले होते. आता तो माणूस कर म्हणून आणखी नऊ हजार मागत होता. सुनेने हात धरला, म्हणून ते माझ्याकडे आले.

मी दोन्ही नाणी खिडकीशी नेली. पातळ कागद ठेवून त्यावरून पेन्सिल आडवी फिरवली, दोन्ही नाण्यांचे ठसे कागदावर उमटवले आणि एकावर एक धरून उजेडात पाहिले. अक्षरावर अक्षर बरोबर बसले! अंतर तेच होते. एक नाणे जास्त हाताळलेले. झिजलेल्या नाण्यावर अक्षराचा नाजूक भाग पुसट होतो, ठळक रेषा तेवढ्या उरतात आणि मधली जागा मोठी दिसते. म्हणून अंतर मोजायचे ते या अक्षराच्या मध्यापासून पुढच्या अक्षराच्या मध्यापर्यंत. नुसत्या डोळ्यावर भरवसा नको.

मग अक्षरांचे अंतर खरेच बदलते का? बदलते, पण ते ठशात बदलावे लागते. आजच्या टांकसाळीत आधी मोठी आकृती घडवतात, ती यंत्राने लहान करून पोलादात उतरवतात, आणि त्या एका मूळ ठशावरून कामाचे अनेक ठसे काढतात. सगळी भावंडे एका तोंडवळ्याची. मूळ ठसा नव्याने केला तरच अक्षरे सरकतात, आणि सरकली की एका नाण्यावर नाही, हजारो नाण्यांवर तशीच सरकलेली दिसतात. एकाच नाण्यावर काही वेगळे दिसले, तर आधी झीज, ठोकर किंवा ठशात अडकलेला मळ यांचा संशय घ्यावा. ठशात मळ भरला की एखादे अक्षर उमटतच नाही.

खऱ्या फरकाचे उदाहरण 1840 सालच्या राणीच्या रुपयाचे. काहींवर तिचे इंग्रजी नाव डोक्यावरून सलग गेले आहे, काहींवर ते डोक्याच्या दोन बाजूंना तुटले आहे. साल दोन्हींवर 1840च. जाणकार या दोहोंना वेगळे प्रकार मानतात, कारण तिथे ठसाच निराळा आहे.

पण अक्षरांची खरी गंमत पाहायची तर आपल्या शिवराईत. तांब्याचे हे नाणे छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाले. एका बाजूला 'श्री राजा शिव' तीन ओळींत, दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' दोन ओळींत. पुढे पेशवाईतही हीच अक्षरे घेऊन शिवराई पडत राहिली. तिचे ठसे हाताने कोरलेले. कोरणाऱ्या कारागिराला अक्षरे उलटी कोरावी लागत, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून कुठे 'शिव' तर कुठे 'सिव'. 'पति'ची वेलांटी कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. अक्षरे कुठे दाटीने, कुठे ऐसपैस. एका प्रकारात ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात, तिला दुदांडी म्हणतात. या फरकांवरूनच अभ्यासक शिवराया गटागटांनी वेगळ्या करतात. त्या कारागिरांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. हात मात्र तांब्यावर ओळखता येतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

एक सावधगिरी हवी. शिवराईची चकती पुष्कळदा ठशापेक्षा लहान असे आणि घाव हातोडीचा. त्यामुळे काठावरचे अक्षर चकतीबाहेरच राही. नाण्यावर 'श्री' नाही म्हणजे ठशात नव्हती, असे नव्हे.

नाण्यावरची खूण वाचता येणे हा एके काळी धंदाच होता. 1835 पूर्वी आपल्या मुलखात नाना टांकसाळींचे नाना रुपये चालत. सराफ ठसा, वजन, कस पाहून बट्टा कापत. ज्याला खूण कळत नसे त्याच्या हाती कमी पडे, आणि तो कोण असेल हे सांगायला नको. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ 1923 साली लंडनहून प्रसिद्ध केला, त्याच्या पहिल्याच प्रकरणात या बजबजपुरीचा मागोवा आहे. जिज्ञासूंनी जरूर वाचावा. जड आहे, पण सुरुवातीचा भाग इतिहासाचा आहे, तो झेपतो.

आता घरातल्या डब्याविषयी. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, दुकानदार घेत नाही ही गोष्ट वेगळी. जन्मशताब्दीचा रुपया चलनासाठीच पाडलेला होता. वापरलेल्या नाण्याला कोणी लाख देत नाही, हजारही नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरच केले की, जुनी नाणी-नोटा विकून देण्यासाठी आपल्या नावाने कोणी शुल्क, कमिशन मागत असेल तर ती फसवणूक आहे. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. आणि माता-भगिनींना विनंती, नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका. पिढ्यांची झीज एका दिवसात होते.

शेजाऱ्यांचे 1,850 रुपये अजून आलेले नाहीत. तक्रार केली आहे. त्यांची नात मात्र पेन्सिल-कागद घेऊन रोज येते. तिला मी टांकसाळीच्या खुणा दाखवल्या. सालाखाली बारीक चौकट असली तर मुंबई, तारा हैदराबाद, गोल टिंब नोएडा, काहीच नसले तर कोलकाता. परवा तिने गेंड्याचे दोन पंचवीस पैसे पुढे ठेवले. साल एकच, एकाखाली टिंब, दुसऱ्याखाली तारा. आता तिला चौकटवाला हवा आहे. कोणाच्या डब्यात जादा असेल तर बाजूला काढून ठेवा.