माणूस गेला, काम उरले

जपानच्या शिकोकू बेटावर एहिमे प्रांतात शिमोनादा नावाचे स्टेशन आहे. एकच फलाट, छोटे छप्पर, त्याखाली बाक आणि समोर समुद्र. स्टेशनमास्तर नाही, तिकीटखिडकीवर कोणी नाही. 1986मध्ये आतल्या बाजूने जवळचा लोहमार्ग झाला, एक्स्प्रेस गाड्या तिकडे वळल्या आणि किनाऱ्याच्या वाट्याला साध्या गाड्या तेवढ्या उरल्या. आता तिथे फोटो काढणाऱ्यांची रीघ लागते. जपानमधली जवळपास निम्मी स्टेशने अशीच कर्मचाऱ्यांविना चालतात. पण माणूस गेला, मग त्याचे काम कोण करते, हे विचारायला हवे.

काही काम चालकाच्या गळ्यात पडते. अशा स्टेशनांवर थांबणाऱ्या छोट्या गाडीत सहसा गार्ड नसतो. चढताना दारातल्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, चालकाच्या वरच्या फलकावर त्या क्रमांकाखाली भाडे पाहायचे आणि उतरताना चिठ्ठी व पैसे त्याच्याशेजारच्या पेटीत टाकायचे. गाडी हाकणाराच त्यावर नजर ठेवतो. काही काम गावकरी करतात. शिमोनादाची झाडलोट आणि फुलझाडे स्थानिक लोक सांभाळतात. होक्काइदोतले कोबोरो स्टेशन दोन बोगद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे. तिथे वस्ती नाही, गाडीरस्ताही नाही. रेल्वे कंपनी ते बंद करायला निघाली, तेव्हा जेमतेम चार हजार लोकसंख्येच्या तोयोउरा गावाने देखभालीचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला. ही आपुलकी मोठी आहे.

पण काही कामे आपुलकीने भागत नाहीत. फलाट आणि डबा यांच्यातल्या फटीवर फळी टाकल्याशिवाय व्हीलचेअर आत जात नाही आणि फळी टाकायला माणूस लागतो. तो नसला की प्रवासाची आगाऊ सूचना द्यावी लागते. इतरांनी मनात येताच निघावे आणि अपंगांनी मात्र आधी कळवावे, हा भेद ओइता प्रांतातल्या अपंग प्रवाशांना मान्य नव्हता. 2020मध्ये ते क्यूशू रेल्वेविरुद्ध न्यायालयात गेले. 2022मध्ये सरकारने कर्मचारी नसलेल्या स्टेशनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण सूचना म्हणजे कायद्याची सक्ती नव्हे.

गावे ओस पडत आहेत, तोटा खरा आहे. प्रत्येक फलाटावर स्टेशनमास्तर बसवा, असे कोणी म्हणणार नाही. पण आसपासच्या काही स्टेशनांसाठी मिळून एक फिरता कर्मचारी नेमता येईल, त्याच्या खर्चात सरकारलाही वाटा उचलता येईल. फलाटावर फुले लावणे हा गावाचा जिव्हाळा आहे, प्रवाशाला गाडीत चढवणे हे रेल्वेचे कर्तव्य आहे. दोन्हींची गल्लत होता कामा नये. वाचलेला पगार ताळेबंदात लगेच दिसतो. मदतीअभावी किती जणांचा प्रवास राहून गेला, तो आकडाही रेल्वे कंपन्यांनी दरवर्षी जाहीर करावा.