तक्रार करणारा शिक्षक आरोपी नसतो

‘सर, आमच्याकडे तर बरोबर दिसतंय. तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये काहीतरी असेल.’ उर्दू माध्यमाच्या शाळेत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकले असेल. मी तर इतक्या वेळा ऐकले आहे की फोन लावण्याआधीच उत्तर ठाऊक असते. या वाक्यात माहिती काहीच नसते, असतो तो फक्त इल्जाम. बिघाड सांगणारा साक्षीदार असतो, पण त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात.

मराठीत अडचण आली तर निदान फोनवर सांगता तरी येते. उर्दूचे काय करायचे? जुन्या एखाद्या प्रोग्राममध्ये ‘करीम’ लिहिले की काफ, रे, ये, मीम सुटे होतात आणि उलट्या क्रमाने उभे राहतात. समोरच्याला लिपीच येत नाही. त्याला ‘अक्षरे तुटली’ म्हटले तर तो म्हणतो, फाँट टाका.

काही बिघाड तर फोटोतही दिसत नाहीत. अरबी ‘ये’ आणि उर्दू ‘ये’ शब्दाच्या मध्ये आली की डोळ्यांना सारखीच दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. एका शिक्षकाने अरबी कीबोर्डवर ‘करीम’ टाइप केले आणि दुसऱ्याने उर्दू कीबोर्डवर शोधले, तर साधा शोध ‘नाव सापडत नाही’ म्हणतो. मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोत दोन्ही नावे अगदी एकसारखी दिसतात. मग शिक्षक खोटा ठरतो. इथे टास्कबारवर कोणती भाषा निवडलेली होती, आधी काय केले, नंतर काय केले, हा सगळा क्रमच पुरावा असतो.

म्हणून मी सहकाऱ्यांना सांगतो, भांडू नका, रेकॉर्ड करा. विंडोज ७ सोबत २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक छोटे साधन दिले होते. नंतर त्याचे नाव स्टेप्स रेकॉर्डर झाले. विंडोजचे बटण आणि ‘आर’ दाबून ‘पीएसआर’ लिहिले की ते उघडते. प्रत्येक क्लिकला ते स्क्रीनचे एक चित्र घेते, कुठे क्लिक केले ते दाखवते, कोणत्या बटणावर केले ते शब्दांत लिहिते आणि शेवटी सगळे एका झिप फाइलमध्ये बांधून देते. मधेच आपली टीपही जोडता येते. आपण टाइप केलेला मजकूर ते वेगळा नोंदवत नाही, पण स्क्रीनवर दिसत असलेले सगळे चित्रात येते. म्हणून मुलांची खरी नावे आणि आधार क्रमांक समोर ठेवून रेकॉर्डिंग करू नये. एखादे बनावट नाव घ्यावे.

आणि नेमके हेच साधन मायक्रोसॉफ्टने निवृत्तीच्या यादीत टाकले आहे. २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केले की यापुढे त्यात सुधारणा होणार नाही आणि पुढच्या कुठल्यातरी विंडोजमधून ते काढले जाईल. त्याऐवजी काय, तर व्हिडिओ काढा. स्निपिंग टूल वापरा, गेम बार वापरा. गेम बार तर डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर रेकॉर्डच करत नाही. नावाप्रमाणे तो खेळणाऱ्यांसाठी बनला आहे! विंडोज ११ मधले स्निपिंग टूल चांगले आहे, पण शाळांमध्ये विंडोज ११ किती? ज्यांच्याकडे नेट भरपूर आहे त्यांना व्हिडिओ आणि चित्रांची झिप यात फरक वाटत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून ईमेल पाठवणाऱ्या शिक्षकाला तो वाटतो.

हेल्पडेस्कवाल्यांचीही एक बाजू आहे, हे मान्य. ‘चालत नाही’ एवढेच लिहिलेल्या तक्रारीवर कोणीही काही करू शकत नाही. पण पायऱ्या चित्रांसकट पाठवल्यावरही ‘एनीडेस्क टाका, मी बघतो’ असे उत्तर येते, ते मला मान्य नाही. याच ॲपचा आधार घेऊन होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये सावध केले होते. ज्या कॉम्प्युटरवर शेकडो मुलांची माहिती आहे त्याचा ताबा फोनवरच्या आवाजाला का द्यायचा? अशा वेळी ईमेलवर एवढेच विचारावे: आमच्या रेकॉर्डिंगमधल्या कितव्या पायरीपर्यंत तुम्ही पाहिले आणि त्या पायरीवर तुमच्याकडे काय दिसले? उत्तर लेखीच मागावे.