उशाशीं ठेविलेली बाटली

दादांच्या पश्चात् आमच्या थोरल्या वहिनींचें मन कशांतच रमेना. रात्रीं झोंपहि येईनाशी झाली. तेव्हां मागील महिन्यांत त्यांच्या नातसुनेनें लव्हेंडरच्या तेलाची एक इवलीशी बाटली आणून उशाशीं ठेविली. सुगंधानें मनाचा ताण हलका करण्याच्या या उपचारास फ्रान्समध्यें गातफोसे नामक रसायनज्ञानें १९३७ सालीं ग्रंथ लिहून आजचें नांव दिलें. नांव नवें, वस्तु जुनी. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीस स्वतंत्र अध्याय दिला आहे. आणि मराठी टीकेसह असलेल्या 'गंधवादा'च्या दुर्मिळ पोथीचा परिचय पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनीं १९४५ सालीं करून दिला. तेव्हां आम्हांस त्या बाटलीचें नवल वाटलें नाहीं, कौतुक मात्र वाटलें.

वहिनी रोज "छान आहे हो वास" म्हणत, आणि झोंप कांहीं येत नसे. म्हणून थेंब वाढत गेले. एके रात्रीं नातसुनेनें तें तेल तसेंच त्यांच्या मनगटास चोळलें. सकाळीं कातडी लाल होऊन आग होऊं लागली. वाचकहो, हीं तेलें म्हणजे पुष्कळशा पानाफुलांचा उतरलेला उग्र अर्क. चमचाभर खोबरेलांत एकदोन थेंब एवढें प्रमाण पुरे. वृद्धांच्या पातळ त्वचेस निर्भेळ तेल कदापि लावूं नये, पोटांत तर घेऊंच नये.

परंतु खरा उलगडा पुढेंच झाला. शेगडीवरचें दूध करपून घरभर वास सुटला, आणि वहिनी चार हातांवर बसून स्वस्थपणें वाती वळीत होत्या! आम्हीं विचारतां त्या संकोचून म्हणाल्या, "भावोजी, दोन वर्षें झालीं, मला वासच येत नाहीं. पोरीनें हौसेनें आणलें, तिचें मन कसें मोडूं?"

उतारवयांत घ्राणशक्ति मंदावते, आणि तीहि इतकी हळूहळू कीं ज्याचें त्यासहि पुष्कळदां उमगत नाहीं. कधीं तें कंपवाताचें किंवा स्मृतिभ्रंशाचें पूर्वचिन्हहि असूं शकतें. म्हणून वयाचा दोष म्हणून सोडून न देतां डॉक्टरांस दाखवावें. गॅस गळला तरी अशा माणसास कळावयाचें नाहीं. शिवाय गंधाची वार्ता मेंदूंतील भावना व स्मृति यांच्या ठाण्यांशीं फार जवळून पोंचते. वाळ्याच्या पाण्यानें माहेर आठवतें तें यामुळेंच. आणि तो मार्ग बंद झाला कीं अन्न बेचव होतें, मनहि खिन्न होतें. वहिनी पानांत टाकीत, तेव्हां आम्हीं त्यांस चोखंदळ म्हणून हंसलों होतों, याची आतां लाज वाटते.

लव्हेंडरच्या वासानें चिंता थोडी उणावते असें कांहीं प्रयोगांत दिसलें आहे. पण त्यांतील पुष्कळ प्रयोग लहान. आणि जेथें तेल चोळलें जातें तेथें गुण तेलाचा किती व चोळणाऱ्या हाताचा किती, हें निवडणें कठीणच.

वहिनींची तपासणी पुढील मंगळवारीं आहे. तोंवर नातसून रोज रात्रीं त्यांच्या तळपायांस नुसतें खोबरेल चोळते, व दोघी बराच वेळ बोलत बसतात. बाटली आम्हीं मागून घेतली. झांकण उघडून नाकाशीं धरली, तों आम्हांसहि वास जरा फिकाच वाटला.