हादगा: आजीच्या पानमळ्यातलं झाड मला चेन्नईत भेटलं



दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी मी चेन्नईला आले. पहिल्याच महिन्यात, अमावस्येच्या सकाळी, घराजवळच्या देवळाबाहेर एक बाई हिरव्या पाल्याच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसल्या. येणारे-जाणारे लोक जुडी विकत घेत होते आणि शेजारी बांधलेल्या गाईला चारत होते. पाला चिंचेच्या पाल्यासारखा, पण एकेक पान त्याहून बरंच मोठं. हे आपण कुठेतरी पाहिलंय एवढं आठवत होतं, नाव मात्र आठवेना. मी फोटो काढला आणि मिरज तालुक्यातल्या आमच्या गावी आजीसाठी काकांच्या फोनवर पाठवला.

पाच मिनिटांत आजीचा फोन. "अगं, ह्यो तर हादगा! तिथं कुठनं आला?"

"आजी, इथे ह्याला अगत्ती म्हणतात. गाईला घालतात."

"मग? आपण बी शेळ्यास्नी घालत हुतो की!"

त्या दिवशी आजी अर्धा तास बोलत होती. तिने सांगितलेलं आणि त्यानंतर मी शोधून वाचलेलं, असं सगळं आज तुम्हाला सांगते. कारण तुम्ही महाराष्ट्रात असा, कोलकात्यात असा की हैदराबादेत, हे झाड तुमच्या आसपास असण्याची बरीच शक्यता आहे. फक्त तिथे त्याचं नाव वेगळं असेल.

झाड ओळखायचं कसं?

हादगा म्हणजेच अगस्ता. शास्त्रीय नाव सेस्बानिया ग्रँडिफ्लोरा. ग्रँडिफ्लोरा म्हणजे मोठ्या फुलांचं, आणि ते नाव अगदी खरं आहे. वाटाणा, हरभरा, तूर यांच्याच शेंगवर्गीय कुळातलं हे झाड, पण फूल चांगलं बोटभर लांब. पांढरं किंवा लालसर गुलाबी, कोयरीसारखं वाकलेलं. शेंगा फूटभर किंवा त्याहून लांब, बारीक, दोरीसारख्या लोंबणाऱ्या. झाड उंच वाढतं पण फार पसरत नाही. लाकूड मऊ आणि ठिसूळ असतं.

संस्कृतात त्याला अगस्त्य, मुनिद्रुम अशी नावं आहेत. आकाशात अगस्तीचा तारा उगवतो त्या सुमारास झाडाला फुलं यायला लागतात, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

पानमळ्यातला आधार

आमच्या घरी पूर्वी विड्याच्या पानांचा मळा होता. मी तो पाहिलेला नाही, माझ्या जन्माआधीच मोडला. नागवेल नाजूक असते. तिला चढायला आधार लागतो, वरून सावली लागते आणि गरम वाऱ्यापासून आडोसाही लागतो. म्हणून पानमळ्यात वेलींच्या जोडीला शेवरी, शेवगा, पांगारा आणि हादगा लावतात. हादगा भराभर वाढतो, त्यामुळे वेलीला लवकर आधार मिळतो. पानं बारीक असल्यामुळे त्याची सावली दाट पडत नाही, ऊन गाळून खाली येतं.

शिवाय शेंगवर्गीय झाड असल्यामुळे त्याच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. म्हणजे वेलीला आधार, सावली आणि खतही. छाटलेला पाला शेळ्यांना, फुलं स्वयंपाकघरात आणि वाळलेल्या फांद्या चुलीत. आजी म्हणाली, "त्या झाडाचं काय बी वाया जात नव्हतं."

हादगा नावाचा खेळ

आपल्याकडे हादगा म्हटलं की झाडाआधी आठवतो तो मुलींचा खेळ. साधारण २७ सप्टेंबरच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात जातो, तेव्हा हा खेळ सुरू होतो. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर, गाणी आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखणं. काही घरांत १६ दिवस आणि रोज एक खिरापत वाढवत न्यायची. पुण्याकडे भोंडला, विदर्भ-खानदेशात भुलाबाई, आमच्याकडे हादगा. पाऊस सरत आलेला, पिकं उभी आणि नेमकं याच दिवसांत हादग्याचं झाड फुलायला लागतं.

आमच्या आजीच्या लहानपणी खिरापतीत हादग्याच्या फुलांची भजीसुद्धा असायची. "लय येळा केली की पोरी वास घिऊनच वळकायच्या," ती हसत म्हणाली.

एक झाड, अनेक स्वयंपाकघरं

तमिळनाडूत याचा पाला म्हणजे अगत्ती कीरै. एकादशीचा उपास केलेल्या घरांत द्वादशीला तो आवर्जून करतात. पाला थोडा कडसर असतो, म्हणून मुगाची डाळ आणि ओलं खोबरं घालून परततात. तोंड आलं असेल तर तांदूळ धुतलेल्या पाण्यात पाला शिजवून, नारळाचं दूध घालून पातळ सार करतात. माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या आईने मला ते खाऊ घातलं. आपल्या आमटीशी त्याचा काही संबंध नाही, पण गरम भातावर छान लागतं.

बंगालमध्ये याला बकफूल म्हणतात. बक म्हणजे बगळा. पांढरं, वाकडं फूल पाहिलं की नाव लगेच पटतं. तिथे अख्ख्या फुलाची कुरकुरीत भजी करतात. ओडिशात अगस्ती. आंध्र-तेलंगणात अविसे. कर्नाटकात अगसे, पण जरा सांभाळून! कन्नडमध्ये जवसालाही अगसेच म्हणतात. दुकानात नुसतं "अगसे" मागाल तर जवसाची पुडी हातात येईल.

देशाबाहेरही हे फूल ताटात असतं. थायलंडमध्ये ते आंबट-तिखट रश्श्यात घालतात आणि जावा बेटावर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर उकडलेल्या भाज्यांत खातात.

आजीची फुलांची भाजी

ताजी, नुकती उमललेली किंवा उमलायच्या बेतातली फुलं घ्या. प्रत्येक फुलाचा हिरवा देठ आणि आतला दांडा, म्हणजे केसर, काढून टाका. तो कडू असतो. हे काम वेळ खातं, पण ते टाळलं तर भाजी कुणी दुसऱ्यांदा मागणार नाही. फुलं धुऊन जाडसर चिरा.

तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची. मग बारीक चिरलेला कांदा परता, हळद घाला, अर्धा तास भिजवलेली मूठभर मुगाची डाळ घाला आणि झाकण ठेवा. डाळ अर्धवट शिजली की फुलं आणि मीठ. पाणी घालायचं नाही, फुलांचं सुटतं तेवढं पुरतं. पाच-सात मिनिटांत भाजी तयार. भरपूर फुलं शिजून वाटीभरच होतात, त्यामुळे चिरताना "एवढी कशाला" म्हणू नका. कुणी डाळीऐवजी बेसन पेरतं, तीही चवदार होते. कोवळ्या शेंगांचीही भाजी होते.

औषध म्हणून वापरताना

हादग्याच्या पानांत कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वासाठी लागणारे घटक चांगले असतात, त्यामुळे पालेभाजी म्हणून तो उत्तमच. जुन्या वैद्यकात पानांचा, फुलांचा रस सर्दी-डोकेदुखीवर नाकात घालायला सांगितला आहे. सालीचाही वापर सांगितला आहे.

पण इथे एक घरचीच गोष्ट सांगते. माझ्या आईला अर्धशिशीचा त्रास आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या मोबाइलवर एक मेसेज आला: हादग्याच्या फुलांचा रस नाकात घाला, अर्धशिशी कायमची जाईल. गावाला गेल्यावर तिने फुलं आणली, मिक्सरमधून काढली, फडक्यातून गाळली आणि रस नाकात घातला. डोकं थांबलं नाहीच, उलट दोन दिवस नाक चुरचुरत राहिलं. आजीला कळल्यावर ती चिडली. "खायाची वस्तू नाकात कोण घालायला सांगितलं तुला?"

म्हणून विनंती, की वैद्यांना विचारल्याशिवाय असले प्रयोग घरी करू नका. लहान मुलांवर तर मुळीच नको. तमिळ घरांतही एक नियम पाळतात: औषध चालू असताना अगत्ती खायची नाही आणि एरवीही रोज रोज नाही, अधूनमधूनच. ज्या लोकांनी पिढ्यानपिढ्या हा पाला खाल्ला, त्यांचंच हे म्हणणं आहे.

आणि आमच्या झाडाचं काय झालं?

पानमळा मोडला तरी पडलेल्या बियांतून उगवलेलं एक झाड आमच्या विहिरीजवळ उरलं होतं. हादग्याचं आयुष्य तसं फार मोठं नसतं आणि वाऱ्यात तो लवकर मोडतो. मी चेन्नईला यायच्या आदल्या वर्षी वादळी पावसात ते झाडही पडलं. म्हणूनच आजीने फोन ठेवताना सांगितलं होतं, "येताना बी आण. आता हितं कुणाकडं न्हाई."

दिवाळीला मी कीरैवाल्या अक्कांकडून मागून घेतलेल्या दोन वाळक्या शेंगा घेऊन गेले. काका म्हणाले, "उसाला सावली पडंल, कशाला लावायचं?" त्यांचंही चूक नव्हतं, घर उसावरच चालतं. आजी काही बोलली नाही. तिने रात्री बिया पाण्यात भिजवल्या, सकाळी बांधाच्या उत्तरेच्या टोकाला स्वतः टोकल्या. तिकडून उसावर सावली पडत नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी न सांगता काट्यांचं कुंपण केलं, शेळ्या येऊ नयेत म्हणून.

सहा बियांपैकी चार उगवल्या. आज त्यातली तीन झाडं आजीच्या डोक्यावर गेली आहेत. फुलं अजून आलेली नाहीत. आजी ८१ वर्षांची आहे आणि दर रविवारी फोनवर न विचारता झाडांची उंची सांगते.

तुम्हाला लावायचं असेल तर बिया रात्रभर भिजवून पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. भरपूर ऊन हवं. कडक थंडी आणि धुकं-दव गोठणाऱ्या भागात हे झाड टिकत नाही. फांद्या ठिसूळ असतात, म्हणून गाड्या उभ्या करायच्या जागी किंवा विजेच्या तारांखाली लावू नका. वेळोवेळी शेंडा छाटलात तर पाला आणि फुलं हाताशी राहतील.

आणि एक काम नक्की करा. तुमच्या घरातल्या आजीला, नाहीतर शेजारच्या भाजीवाल्या मावशींना या झाडाचं नाव विचारा आणि ते त्याचं काय करतात तेही विचारा. मी फोटो पाठवला नसता तर आजीने हे कधी सांगितलं नसतं. "का नाही सांगितलंस इतकी वर्षं?" असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही इचारलं कवा?"

तुमच्याकडे हादग्याला काय म्हणतात ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या लेखात, नव्या झाडासोबत.